चौकातली किंजल

मेण लावलेल्या काडीच्या टोकाने जयश्रीने खडा उचलला, साडीच्या काठावरच्या गोंदाच्या थेंबावर टेकवला, आणि नेमका त्याच वेळी खाटेखालचा फोन थरथरला. खडा तिरका बसला. तिने जीभ चावली आणि पडद्याकडे पाहिलं. पडद्यापलीकडे तिचा नवरा गजेंद्र सुरतेतल्या उधन्याच्या लूम कारखान्यातून, यंत्रमागावरची रातपाळी करून आला होता आणि सकाळपासून पालथा पडला होता. एका खोलीचा संसार असला की झोपलेल्या माणसाची खोली वेगळी करायला एक जुनी साडी पुरते. आवाज तेवढा त्या साडीला अडवता येत नाही.

फोन खाटेखाली ठेवायचा, हा बन्सीलालचा नियम. बन्सीलाल बाजारातून साड्यांचे गठ्ठे आणून डिंडोलीतल्या बायकांना खडे चिकटवायला द्यायचा. नवी डिझाइन असली की त्याची ताकीद असायची: दार लावून बसायचं, खिडकीला चादर टांगायची आणि फोन साडीजवळ आणायचा नाही. कुणी एक फोटो काढला की आठवडाभरात तीच साडी चार दुकानांत लटकते. याला बाजारात डिझाइन फुटली म्हणतात. जयश्रीच्या घरातून आजवर एकही डिझाइन फुटली नव्हती, आणि याचा तिला भलताच अभिमान होता.

समोर किंजल स्टीलच्या ताटात खडे रंगवार निवडत बसली होती. पोरगी अकरा वर्षांची, नुकतीच सहावीत गेलेली. एरवी फोन वाजला की आईचा हात पोचायच्या आत तो तिच्या हातात असायचा. आज तिने मानसुद्धा वर केली नाही. हिरव्या खड्यांत तिने एक लाल खडा टाकला, आणि तेही तिच्या लक्षात आलं नाही.

जयश्रीने पदराला बोटं पुसली आणि फोन ओढून घेतला. नंबर अनोळखी होता. नावाच्या जागी गुलाबाचं फूल.

"किंजल, तेरे लिए गिफ्ट लिया है. पहले तेरा अभी का एक फोटो भेज. मम्मी को मत बोलना, सरप्राइज है."

तिने वर सरकवलं. वर परवाचं बोलणं होतं. "हाय किंजल." त्याखाली याच फोनवरून गेलेला एक शब्द: "कोण?" त्याखाली पुन्हा तो. "पप्पा का फ्रेंड, गजेंद्रभाई का. रामदेव सोसायटी ना? पाँचवीं में फर्स्ट आई तू, बहुत होशियार है."

घरात हा एकच फोन सगळ्यांचा. गजेंद्रचा दुसरा होता, तो त्याच्या खिशात असायचा. म्हणजे तो 'कोण?' लिहिणारी दुसरी कोण असणार?

तिने फोन पोरीसमोर धरला आणि श्वासानेच विचारावं इतक्या हळू, आपल्या अहिराणीत विचारलं, "हाऊ कोन शे?"

"मला नाही माहीत."

"तुले माहीत नही, तं तेले तुन्हं नाव कसं माहीत? सोसायटी कशी माहीत?"

किंजलने ताटातला लाल खडा शोधून काढला आणि हातात धरून ठेवला.

ही गोष्ट आज व्हावी यासारखी थट्टा नव्हती. आज शनिवार, सकाळची शाळा, आणि आजच सोनाली मॅडमनी सहावी-सातवीच्या मुलींना आयांसकट वर्गात बसवून फोनचे धडे दिले होते. नाव, घर, शाळा, नंबर, फोटो, यातलं काहीही अनोळखी माणसाला द्यायचं नाही. कुणी 'घरी सांगू नको' म्हणालं, तर सगळ्यात आधी घरीच सांगायचं. मेसेज पुसून टाकायचा नाही, तो पुरावा असतो. मागच्या बाकावरची एक आई म्हणाली, आमच्या पोरीला आम्ही फोनला हातच लावू देत नाही. त्यावर मॅडम हसल्या होत्या. "हात लावू देत नाही म्हणूनच ती सांगणार नाही, ताई. मुली त्या माणसाला घाबरत नाहीत. आपल्याला घाबरतात."

जयश्रीला ते बोलणं मनापासून पटलं होतं. घरी येताना तिने मॅडमचा धडा आपल्या भाषेत पोरीच्या गळी उतरवायचाही प्रयत्न केला.

"बन्सीलालनी नवी डिझाइन आपन कशी झाकी ठेवतस? तसंच आपलं नाव, आपला फोटो. समजनं?"

किंजल चालता चालता थांबली. "मी काय साडी आहे का मम्मी?"

"तसं नही वं."

"साडीला तर कोणी विचारत पण नाही. झाकायचं असलं तर झाकतात, दाखवायचं असलं तर दाखवतात."

हल्ली पोरगी असं काहीतरी बोलून जायची आणि आईला मागे ठेवून पुढे चालू लागायची. आजही तशीच चालू लागली. चौक आला तेव्हा तिने नेहमीसारखा रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या बाजूने, मान खाली घालून, भरभर निघून गेली. कारण अलीकडच्या बाजूला, विजेच्या दोन खांबांच्या मधे, ती स्वतःच टांगलेली होती.

गजेंद्रच्या हौसेला मोल नव्हतं. पाचवीचा निकाल लागला त्याच दिवशी तो फ्लेक्सच्या दुकानात गेला होता. किंजलचा दुसरा नंबर आला होता, पहिला तिच्या मैत्रिणीचा, प्रियांकाचा. पण दुकानदाराकडे 'प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण' असा नमुना तयार होता, आणि गजेंद्रने तो बदलू दिला नाही. "दुसरा नंबर लिखेल बॅनर कोठे देखा का तू?" असं त्याने जयश्रीलाच उलट विचारलं होतं. मग जांभळ्या जमिनीवर किंजलचा माणसाएवढा फोटो, डोक्यामागे सोनेरी किरणं, 'कु. किंजल हिचे हार्दिक अभिनंदन', खाली लूमवरच्या सोबत्यांचे आणि समाजातल्या लोकांचे गोल गोल चेहरे, त्यांत काळा चष्मा लावलेला गजेंद्र स्वतः, आणि तळाला बारीक अक्षरांत घरदार वगैरे. डिंडोलीत पोराचं बारसं असो की पोरीचा निकाल, चौकात लागल्याशिवाय तो झालाच असं कुणी मानत नाही. सोबतचे सगळे लावतात. चार पोरींच्या बापांनी लावलं आणि आपण नाही लावलं तर पोरीला काय वाटेल, हा त्याचा हिशोब होता. पोरीला काय वाटतं हे पोरीला विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

जयश्रीने आता किंजलचं मनगट धरलं.

"नंबर कोनले दिधा तू?"

"कोणालाच नाही. सच्ची, मम्मी."

"मन्ही शपथ घे."

किंजलने शपथ घेतली नाही. पडद्याकडे एकदा बघून ती पुटपुटली, "मी अन् प्रियांकाने एक अकाउंट काढलंय. तिच्या दीदीच्या फोनवर. डान्सच्या रील बघायला."

घ्या! जयश्रीला एकदम सगळं कळल्यासारखं वाटलं. असं वाटणं हाच मोठा धोका असतो, पण ते त्या घटकेला कुणाला सुचतं?

"तठे फोटो टाका का? नाव टाकं?"

"नाही. फुलपाखराचं चित्र आहे. नाव पण फुलपाखरूच आहे. आम्ही काहीच टाकत नाही, फक्त बघतो."

"मंग त्या मुडद्याले सपन पडनं का?"

शेवटचा शब्द जरा मोठ्याने गेला. पडद्यापलीकडे खाट करकरली.

दोघी जिथल्या तिथे थिजल्या. बाहेर रिक्षा जात होती, तिचा आवाज दूर गेला. मग गजेंद्रचा घोगरा आवाज आला.

"काय व्हयनं?"

"काही नही. झोपा तुम्ही."

तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला, जयश्रीच्या मुठीतच. तिने नको असताना वाचलं. "रोज तेरी सोसायटी से ही निकलता हूँ. आज शाम को चौक में मिलेगी?"

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, आणि पडदा बाजूला करून उभ्या राहिलेल्या नवऱ्याला दुसरं काही सांगायची गरज उरली नाही. त्याने हात पुढे केला. तिने फोन दिला.

गजेंद्र वाईट माणूस नव्हता. पोरीच्या अंगावर त्याने कधी हात उचलला नव्हता. तिला ताप आला तर कारखान्यातून पाळी सोडून येणारा बाप होता तो. पण घाबरलेल्या बापाला राग फार लवकर सापडतो. त्याने खालपासून वरपर्यंत आणि वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, आणि त्या नंबरावर फोन लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा लागलाच नाही, आणि गुलाबाचं फूल गायब होऊन तिथे नुसता राखाडी गोळा राहिला. पलीकडच्याने ब्लॉक केलं होतं.

"पयी गया," तो म्हणाला, आणि बनियनवरच, पायात चपला अडकवून, जिना उतरून चौकाकडे पळाला.

जयश्रीने दाराला कडी घातली. का घातली ते तिलाही सांगता आलं नसतं. किंजल भिंतीला टेकून गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. खिडकीवरच्या चादरीतून येणारा उजेड पिवळट होता आणि त्यात अर्धी खडे लावलेली साडी चमकत होती, जणू या घरात जपण्यासारखं तेवढंच होतं.

गजेंद्र परत आला तेव्हा घामाने भिजला होता. चौकात पानाच्या टपरीवर माणसं उभी होती, भाजीची गाडी होती, शिकवणीहून येणाऱ्या पोरी होत्या. कोणाची कॉलर धरणार? प्रत्येक जण फोनमध्ये बघत होता, आणि त्याला प्रत्येक जण तोच वाटत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा प्रकार. पण तेव्हा ते ना त्याला ठाऊक होतं, ना जयश्रीला.

तो किंजलसमोर उकिडवा बसला.

"कोनले दिधा नंबर? सांग. मी मारस नही."

किंजलने गुडघे आणखी जवळ ओढले.

"तिन्ही आन् प्रियांकानी अकाउंट काढेल शे," जयश्रीने सांगितलं, आणि सांगताक्षणीच तिला आपल्याच जिभेचा राग आला. पोरीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिने तिच्यादेखतच फोडली होती.

गजेंद्र उठला. खुंटीवरची कापडी पिशवी त्याने ओढली आणि ट्रंकेतले किंजलचे कपडे तिच्यात कोंबायला सुरुवात केली. शाळेचा गणवेश हाती आला, तो त्याने बाजूला फेकला.

"सकायनी गाडीमा बसाडस. दोंडाईचाले, मायकडे. बस व्हयनं सुरत, बस व्हयनी शाळा."

"आवो, आसं काय करतस?"

"मंग काय करू? रातले मी लूमवर. तू आठे एकटी. तो हरामी रोज दारवरथीन जास म्हने!" त्याचा आवाज फाटला. एका हाताने त्याने आपल्या फोनवर गावी आईला फोन लावला आणि खांद्याने कानाशी धरला. पलीकडून धुरपदाबाईंचा मोठा, आनंदी हॅलो सगळ्या खोलीला ऐकू आला. "माय, सकाय किंजलले लई येस. आते तठेच राही ती."

का, कशाला, बरं आहे ना, असं म्हातारी विचारत होती. त्याने फोन ठेवला.

मग त्याने घरचा फोन उचलला आणि त्या मेसेजवर बोट दाबून धरलं. त्याला ती घाण डोळ्यांसमोरून पुसून टाकायची होती.

"डिलीट नका करू, पप्पा," किंजल म्हणाली. इतक्या वेळात ती पहिल्यांदा आपणहून बोलली. "मॅडमनी सांगितलंय. ते ठेवायचं असतं. पोलिसांना दाखवायला."

"मॅडम! मॅडमनी शिकाडं म्हनीसनच हाई व्हयनं!"

चोर सोडून संन्याशाला फाशी. सोनाली मॅडम बिचाऱ्या या वेळी कुठे आपल्या घरी कुकर लावत असतील. पण गजेंद्रचं बोट थांबलं. त्याने फोन साडीशेजारी टाकला, बन्सीलालचा नियम मोडून, आणि पुन्हा पिशवीकडे वळला.

जयश्रीने फोन साडीपासून दूर करायला म्हणून उचलला. सवयीचा हात. फोनवर तेच बोलणं उघडं होतं. तिने पुन्हा वाचलं, आणि या वेळी सावकाश वाचलं, एकेक शब्द, डिझाइनच्या कागदावरचे ठिपके मोजावेत तसं. नाव. बापाचं नाव. सोसायटी. पाचवीत फर्स्ट.

फर्स्ट.

तिची नजर तिथेच अडकली.

किंजल फर्स्ट आली असं कोण म्हणेल? प्रियांका म्हणणार नाही, ती स्वतः फर्स्ट आलेली. वर्गातली कुठलीही पोरगी म्हणणार नाही. आणि किंजलने कुणाला सांगितलं असतं तर? ही पोरगी तर नंबर विचारला की आधी "सेकंड" म्हणायची आणि मग "दोनच मार्कांनी गेला" हे लगेच जोडायची. पाहुण्यांनाही तेच, भाजीवालीलाही तेच.

सबंध डिंडोलीत किंजल एकाच ठिकाणी पहिली आली होती. विजेच्या दोन खांबांच्या मधे.

आणि मग तिला तळाची बारीक अक्षरं आठवली. घरचा पत्ता. त्याखाली मोबाइल नंबर. गजेंद्रला लूमच्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही, म्हणून अभिनंदनाचे फोन घरी यावेत यासाठी त्याने हा नंबर दिला होता. हाच, जो तिच्या हातात होता. फ्लेक्स टांगल्यावर तीन-चार दिवस फोन आलेही होते, आणि जयश्रीने मोठ्या खुशीने प्रत्येकाला "हो, आमचीच" म्हणून सांगितलं होतं. हात दाखवून अवलक्षण, तेही दोघांनी मिळून.

तिने मान वर केली. किंजल तिच्याकडेच बघत होती. आईचं बोट कुठल्या शब्दावर थांबलंय हे तिला दिसत होतं. आणि पोरीने अगदी हळू, बापाच्या पाठीमागे, मान हलवली. नको. नको सांगू.

जयश्रीला तेव्हा जे कळलं त्याने तिचा जीव गलबलला. पोरीला माहीत होतं. परवापासून माहीत होतं. 'कोण?' विचारल्यावर तो फर्स्ट म्हणाला, त्या क्षणी तिला तो माणूस काय वाचून आलाय ते कळलं होतं, आणि म्हणूनच तिने तोंड शिवून घेतलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, मुली आपल्याला घाबरतात. मॅडमचं तेवढं चुकलं होतं. ही पोरगी बापाला घाबरत नव्हती, बापाला झाकत होती.

पिशवी भरली. गजेंद्र तिची नाडी ओढत होता.

क्षणभर जयश्रीलाही मोह झाला. नवरा थकलेला, घाबरलेला. त्याच्या एकुलत्या एका हौसेवर बोट ठेवायचं, तेही पोरीसमोर? आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण मग तिची नजर कोपऱ्यात फेकलेल्या गणवेशावर गेली. निळा फ्रॉक, एक बाही उलटी.

"ऐका ना," ती म्हणाली. "पाचवीमा पहिली कोन उनी व्हती?"

"काय?"

"पहिली. कोन उनी व्हती?"

"आते काय त्यानं?" तो वैतागला. "तिन्ही मैतरीन. प्रियांका."

"मंग हाऊ मानूस किंजल फर्स्ट उनी म्हनस, ते कसं?" तिने फोन त्याच्यासमोर धरला. "प्रियांकाले माहीत शे. मॅडमले माहीत शे. वर्गन्या सर्व्या पोरीस्ले माहीत शे. किंजलना तोंडून गयं ऱ्हातं, तं सेकंड गयं ऱ्हातं. फर्स्ट कोठे लिखेल शे?"

गजेंद्रने वाचलं. पुन्हा वाचलं. नाडी त्याच्या हातातच राहिली.

जयश्रीला गप्प बसता आलं असतं. पण इतका वेळ दाबून धरलेलं आता बाहेर पडायला बघत होतं, आणि तिने ते पडू दिलं. आवाज मात्र चढवला नाही.

"शेठनी साडी आपन दार लाईसन करतस. तिना फोटो कोनले काढू देतस नही. आन् पोरले चौकमा टांगं. नाव, घर, फोन, सर्वं लिखीसन. तुम्ही टांगं, मी देखं. आपन दोन्हीस्नी."

शेजारच्या घरात कुणाची तरी शिलाई मशीन चालू होती, ती थांबली, पुन्हा चालू झाली. गजेंद्रने किंजलकडे पाहिलं. तिने गुडघ्यांत तोंड घातलं होतं, फक्त तिचे कान दिसत होते, लालभडक.

त्याने पिशवी खाली ठेवली. साडीशेजारची धागे कापायची कातर उचलली आणि दार उघडून निघून गेला. या वेळी तो पळाला नाही. जिन्यावर त्याची पावलं एकेक करून ऐकू आली.

"कशाला सांगितलंस?" किंजल रडत म्हणाली. "आता चौकात सगळे विचारतील त्यांना, का काढलं म्हणून. सगळे हसतील."

"हसूं दे. तू कसाले नही सांगं माले?"

"पप्पा रोज कामावर जाताना तिथे थांबतात. तू नाही बघितलंस. पाहतात वर, मग जातात." तिने बाहीने नाक पुसलं. "मला ते आवडत नाही. पहिल्या दिवसापासून नाही आवडत. पण त्यांना किती आवडतं."

"आन् तुले गावले धाडी दिधं ऱ्हातं तं?"

जयश्रीने तिला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत बोटं घातली. गोंदाने चिकट झालेली बोटं केसांत अडकली, पोरगी "आई गं" म्हणून ओरडली, आणि दोघींना रडता रडता हसू आलं. मग जयश्रीने पिशवीतले कपडे एकेक काढून पुन्हा ट्रंकेत लावायला घेतले. गणवेशाची बाही तिने सरळ केली.

गजेंद्र आला तेव्हा त्याच्या काखेत फ्लेक्सची गुंडाळी होती, आणि हाताला दोरीने कापलेल्या रेषा. चौकातल्यांनी नक्कीच विचारलं असणार. काय सांगितलं, ते त्याने सांगितलं नाही. त्याचा फोन वाजत होता. धुरपदाबाई, उद्या कोणत्या गाडीने येताय ते विचारायला.

"कोनी नही येत, माय," तो म्हणाला. "तिन्ही शाळा शे." आणि फोन ठेवताच तोच फोन त्याने किंजलपुढे धरला. "स्टेटसवरबी टाकेल व्हतं. फेसबुकवर शे. समाजना ग्रुपवर शे. दखाड, कसं काढतस ते."

ती त्याच्या शेजारी सरकली. बोटाने एकेक दाखवत गेली, आणि तो तिच्यामागोमाग, लूमचा तुटलेला धागा जोडताना लावतो तसं लक्ष लावून, दाबत गेला. ग्रुपपाशी ती थांबली.

"हे निघेल. पण ज्यांनी पुढे पाठवलं असेल, त्यांच्याकडचं नाही निघणार."

"कोनकडे गयं व्हई?"

"ते नाही कळत, पप्पा."

तो हातातल्या फोनकडे बघत राहिला. "सोमवारले शाळामा मी येस तुन्हासंगे," तो म्हणाला. "मॅडमले दखाडूत हाई सर्वं. त्या सांगतीन तठे जाऊत. पोलिसस्कडे तं पोलिसस्कडे."

मग त्याने गुंडाळी जमिनीवर सोडली. खोलीला ती पुरेना. एक टोक खाटेखाली गेलं, एक दाराला टेकलं. साडी बाजूला सरकवावी लागली. जांभळ्या जमिनीवर उन्हाने फिकट झालेली किंजल पसरली, आणि खरी किंजल तिच्या पायाशी उभी राहिली.

"ठेवू का फाडू?" गजेंद्रने विचारलं. "तू सांग."

किंजलने बापाकडे पाहिलं, तो खरंच विचारतोय का ते बघायला. मग तिने त्याच्या हातातली कातर घेतली आणि खाली बसली. आधी तळाची पट्टी कापली, नंबरासकट. मग पत्ता. मग कु. किंजल हिचे, तेही कापलं. गोल चेहऱ्यांची रांग तिने ठेवली, काळ्या चष्म्याच्या भोवतीने कातर अगदी जपून फिरवली. सोनेरी किरणांपाशी आल्यावर तिचा हात थांबला. तिथे मोठ्या लाल अक्षरांत होतं: प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण.

कातर उघडीच राहिली. किंजल वर बघेना.

"तेबी काप," गजेंद्र म्हणाला, आणि कापायला सोपं जावं म्हणून त्याने दोन्ही हातांनी ती कड ताणून धरली.